राजीखुशीची फारकत

परभणीच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली पत्र्याचं एक शेड होतं. तिथं मी बरीच वर्षं टायपिंगचं मशीन घेऊन बसले. अशा जागी किस्से गोळा करायला लागत नाहीत, धुळीसारखे आपोआप अंगावर बसतात. सांगायला लागले की लोक हसतात. मीही हसते. पण डोकं अजून तापतं हो! कारण त्यातले निम्मे कागद माझ्याच बोटांनी टाइप झालेत.

शेजारच्या टेबलावर मुन्शीजी बसायचे. निजामाच्या काळात उर्दूत अर्ज-दरखास्ती लिहायला लागले आणि मराठीत म्हातारे झाले. आमच्याकडं सगळ्यात जास्त गर्दी कशाला? खरेदीखताला नाही, फारकतीला! "वकील नको, तारीख नको. इष्टाम पेपरवर सोडचिठ्ठी लिहून द्या, दुपारच्या एसटीनं वापस जायचंय." अरे, बाजारात बैल विकतानासुद्धा माणूस दोन चकरा मारतो!

मुन्शीजी प्रत्येकाला सांगायचे, "बाबा, हा कागद कोर्टात चालत नाही."

उत्तर ठरलेलं. "कोर्टात कुठं चालवायचाय? गावात चालला म्हंजे झालं!"

*

एकदा एक जण स्टॅम्प पेपर घेऊन आला. वर सगळा कोरा, खाली मात्र अंगठा उठवलेला.

"बायको आजारी हाय. तिचा अंगठा घेऊन आलोय. वरचं तुमी लिहा."

मुन्शीजींनी चष्मा पुसला. कागद पाहिला, मग त्याचा हात धरून उलटा केला. डाव्या अंगठ्याला निळी शाई, अजून ओली!

"का रे, सोताच सोताला सोडायलायस का?"

सगळं शेड हसलं. तोही हसला. आणि अर्ध्या तासानं पलीकडच्या टायपिस्टकडून तोच कागद भरून घेऊन, आम्हाला दाखवत दाखवत निघून गेला.

*

सेलूकडचे एक गुरुजी बायकोला घेऊन आले होते. मजकूर घरूनच लिहून आणलेला, अक्षर काय सुंदर! मी टाइप करून दिलं. गुरुजींनी पेन पुढं केला. "कर सही."

"वाचल्याबिगर?" म्हणत तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. "मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता..." तिथंच थांबली.

"ह्यात राजी कोन हाय अन् खुशी कोन हाय?"

गुरुजी म्हणाले, "तसं लिहायची पद्धत असते."

"मग पद्धतीचीच सही घ्या!" कागद मशीनवर ठेवून ती तरातरा स्टँडकडं निघून गेली.

गुरुजी भडकले. तिच्यावर नाही, माझ्यावर. शाळेत लेकरांना वाचायला शिकवणारा माणूस मला म्हणतो कसा, "बाई, तुम्ही तिला वाचायला दिलंच कशाला?"

*

पूर्णेहून एक बाई आली. नवरा रेल्वेत. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यानं तिला फारकतीचा कागद दिला आणि महिन्याभरात दुसरं लग्न केलं. आता तिलाही एक स्थळ आलं होतं. त्या लोकांनी सांगितलं, आधी कागद दाखवून ये. तिनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला.

मुन्शीजींनी वाचला आणि मान हलवली. "पोरी, ह्यावर लग्न करता येत नाही. बेकायदा होईल."

"त्याचं तर झालं की! लेकरं बी झाली."

"त्याचंही बेकायदाच."

"मग त्याला कोन धरलं?"

मुन्शीजींनी कागद माझ्याकडं सरकवला. मी कागद हातात घेतला. तळाशी टाइप करणाऱ्याची सही होती. माझी!

त्या दिवसापासून फारकतीचा कागद मी मशीनला लावला नाही.

*

आणि ही कलावती, पेडगावची. नवऱ्यानं, मारोतीनं, घरात दुसरी आणून बसवली. म्हणाला, "इष्टामवर सोडतो तुला."

ही म्हणाली, "मला कोर्टाचा शिक्का पाहिजे."

दोघांच्या संमतीनं घटस्फोट मिळायचा कायदा तेव्हा नवाच होता. मी अर्ज टाइप केला, मुन्शीजींनी तिला सगळं समजावून सांगितलं. मारोतीनंही त्यावर अंगठा उठवला.

जजसाहेबांनी विचारलं, "तुमचे वकील कुठायत?"

"मला बोलता येतंय, साहेब."

"बरं. कायद्यानं सहा महिने थांबावं लागेल. नीट विचार करा."

"लगीन लावताना मला सहा मिंटं बी कुनी इचार करू दिला न्हाई!"

साहेब खाली बघून लिहीत राहिले.

सहा महिन्यांनी तारीख आली ती नेमकी विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत. बंद होता, एसटी नाही. कलावती रुळाच्या कडेकडेनं परभणीपर्यंत चालत आली. मारोती आलाच नाही. पुढच्या तारखेला उगवला आणि म्हणाला, "माझी संमती न्हाई आता."

का? तर दुसरी निघून गेलेली! "भाकरी कोन टाकायचं?" म्हणाला, भर कोर्टात! मी मागच्या बाकावर होते, दातओठ खात बसले. अर्ज तिथंच संपला.

कलावती शेडमध्ये आली, तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, दुसरा कागद लावा. आता एकलीची दरखास्त."

दोन वर्षं चाललं. ती प्रत्येक तारखेला एकटी उभी राहिली. "त्यांनी दुसरी आणली तवा मी घरातच होते," एवढंच, नवऱ्याचं नाव न घेता, आवाज न चढवता सांगायची. शेजारच्या म्हातारीनं साक्ष दिली. निकाल कलावतीच्या बाजूनं लागला.

निकालाची शिक्का मारलेली नक्कल मिळाली त्या दिवशी मारोतीही आला होता. पायऱ्यांच्या तोंडाशी उभा. नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "चल, गाडीचा टाइम झाला. ही पिशवी घे."

कलावतीनं कागदाची घडी पोलक्यात खोचली. पदर खांद्यावर नीट घेतला. आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ए मारोती, सर बाजूला!"