टेलपर्यंत नेट पोचवणारे मामा

जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींकडे पाटाचं पाणी म्हणून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून उभी हयात घालवल्यावर माणसाचं असं होत असावं. लग्नाच्या पंगतीत जिलबी शेवटच्या पानापर्यंत पोचली नाही, तर मामा वाढप्याला बोल लावत नसत. "मधल्या पानांनी दारं उघडी ठेवली," म्हणत. नात्यातल्या भांडणाची हकिगत सांगू लागलं की डोळे मिटून ऐकत आणि शेवटी विचारत, "ते समदं खरं, पण गळती नेमकी कुठं हाय?" कालव्याच्या तोंडाला ते हेड म्हणत आणि शेवटाला टेल, आणि त्यांच्या मते मनुष्यजातीचे वर्गही दोनच होते, हेडवरचे आणि टेलवरचे. बारा महिने त्यांच्या हातात लांब दांड्याची छत्री असे. पावसाशी तिचा काही संबंध नव्हता. पाटातल्या पाण्याची खोली ते तिच्या दांड्यानं मोजत आले होते, आणि निवृत्तीनंतर दुसरं काही मोजायला न उरल्यामुळे आमच्या घरी आल्यावर वरणाच्या पातेल्याकडेही त्याच नजरेनं पाहत.

आम्ही उस्मानपुऱ्यात भाड्याच्या घरात राहतो. पुढं रस्त्यावरची बैठक, मग अरुंद बोळ, बोळाला लागून स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं एक खोली. माझी बायको निवृत्तीपर्यंत जुन्या कागदपत्रांच्या दप्तरात होती. मोडी वाचण्यात तिचा हात धरणारं मी कुणी पाहिलं नाही. पण एकदा घरातच जमिनीवरच्या वायरीत पाय अडकून ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून वॉकर आणि ती मागची खोली एवढंच तिचं राज्य उरलं. त्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवरून ती रोज संध्याकाळी सहा वाजता सहा जणांना मोडी शिकवू लागली. मोबाईलचा पडदा तिच्या डोळ्यांना पुरत नाही, म्हणून कॉम्प्युटर. सहाला दहा कमी असताना ती केस विंचरी, इस्त्रीची साडी नेसे, चष्मा पुसे. दिवसभर भिंतीकडे पाहत पडून राहणारी ती बाई आणि सहा वाजताची ही बाई एकच, यावर माझाच विश्वास बसत नसे.

अडचण एवढीच होती की नेट टिकत नव्हतं. नेटचा डबा बैठकीत, टीव्हीखालच्या खणात. कॉम्प्युटरची पेटी मागच्या खोलीत, टेबलाखाली जमिनीवर. तिच्या पाठीमागं बोटाच्या पेराएवढं एक यंत्र खोचलेलं असे, आणि त्यानं मधल्या हवेतून नेट ओढून घ्यायचं अशी योजना. ते कधी ओढी, कधी नुसतंच लुकलुके. मोडीत ओळभर लेखणी शक्यतो उचलायची नसते; इथं नेट दर दोन शब्दांनी लेखणी उचलत होतं. पलीकडून आवाज येई, "बाई, तुम्ही 'सदरहू'वरच थांबल्या." ही तोवर पान उलटून पुढं गेलेली असे. बरं, तार टाकावी, तर जमिनीवर वायर नको असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि भिंतीला भोक पाडायचं नाही ही घरमालकीणबाईंची अट. शेवटी एका संध्याकाळी पडदा तिसऱ्यांदा थिजला तेव्हा तिनं चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "पुढच्या महिनाअखेर मी वर्ग बंद करते. शिकणाऱ्याला अर्ध्या ओळीवर सोडायचं मला जमत नाही."

मला त्या इस्त्रीच्या साडीचं काय होणार ते दिसत होतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला राहणाऱ्या मामांना फोन केला. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळतं म्हणून नव्हे. ती कुणाचं ऐकलंच तर त्यांचं ऐके, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता छत्री दारात. "बंद?" मामा तिच्यापुढं उभे राहून गरजले, "टेलला पाणी येत नाय म्हणून कुणी टेल बंद करतं व्हय, माय? मग माझी नोकरी काय मातीत घालायची होती?" ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. आणि मामांनी नेटचा कारभार ताब्यात घेतला.

प्रथम त्यांनी लाभक्षेत्राची पाहणी केली, म्हणजे बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतींवर छत्रीचा दांडा ठोकत चार फेऱ्या मारल्या. मग निष्कर्ष काढला की चोरी आहे. शेजारी शिवणकाम करणारे चाचा राहतात, त्यांना गॅलरीत गाठून सरळ विचारलं, "खरं सांगा मियाँ, आमचं नेट तुमच्याकडं किती येतं?" चाचांनी तोंडातली टाचणी काढली. "मामू, हमारे कने हमाराच नेट नै आता, तुमारा लेके क्या करेंगे?" मामांचं समाधान झालं नाही. त्यांनी पासवर्ड बदलला, आणि दर चार दिवसांनी बदलू लागले. पासवर्ड म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेल्या चाऱ्यांचे, कालव्याच्या लहान फाट्यांचे, नंबर असत, आणि ते त्यांना उलटसुलट कसेही पाठ असले तरी आम्हाला नसत. परिणामी चोर जोडला जाण्याचा प्रश्नच मिटला, कारण मालकही जोडले जाईनात. मग त्यांनी प्रवाह वळवायचा म्हणून डब्यामागं पितळेची परात उभी केली. तासाभरानं चाचाच हाक मारून सांगू लागले की त्यांच्या फोनवर आमच्या डब्याचं नाव आज पूर्ण ताकदीनं दिसतंय, काही लागलं तर कळवा. परात काढली गेली. नेटच्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याच्यासमोर नेट इतकं गुणी वागलं, की तो आमच्याकडं दयेनं पाहून म्हणाला, "काका, सब ठीक है," आणि चहा न घेता गेला.

तेव्हा मामांनी वही काढली. कालव्यावर पाण्याची उंची दिवसातून तीनदा लिहायची असते. मामा तसं नेट लिहू लागले. पडद्याच्या कोपऱ्यात नेटच्या ज्या चढत्या रेघा दिसतात त्यांना ते कांड्या म्हणत. "सकाळी सात, कांडी एक. दुपारी एक, कांडी एक. सायंकाळी सहा, कांडी एक, प्रवाह खंडित." हर्सूलहून रोज तीनदा येणं शक्य नव्हतं, म्हणून दुपारची नोंद माझ्याकडं. मी ती विसरलो की म्हणत, "जावईबापू, तुमच्यासारख्या चौकीदाराला मी बदलीवर धाडला असता." तीन आठवडे झाले. मुदतीचा महिना सरत आला. एका सकाळी मामा वही पुढं धरून आले, ते आरडाओरडा करतच. सलग पाच-सहा दिवस एक कांडी, मग दोन, मग दोन-तीन दिवस पूर्ण, की पुन्हा धाडकन एक. पुन्हा तसंच. तारखांना खुणा केल्या होत्या. "हे तर आवर्तन हाय!" मामा म्हणाले. "कंपनी लबाड हाय. समद्या शहराला एकदम पुरत नाय, म्हणून पाळीपाळीनं सोडती, आन सांगत नाय!"

मला हे अशक्य वाटलं, पण ज्या गावात नळाला पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं तिथं अशक्य म्हणायची आपली सवयच मोडलेली असते. मामांनी कंपनीला फोन लावला आणि आवर्तनाचं पाळीपत्रक मागितलं. पलीकडच्या मुलीनं त्यांना चार वेळा वेगवेगळ्या विभागांकडं सोपवलं. शेवटी त्यांनीच फर्मावलं, की पूर्ण कांड्यांच्या दिवसांत हिनं लागतील ते सगळे मोडी कागद कॉम्प्युटरमध्ये उतरवून साठवून ठेवावेत. "आलं की भरून ठेवायचं. आपल्याला काय नवीन हाय?" तिनं निमूटपणे भरून ठेवले. पण शिकवणं काही भरून ठेवता येत नाही.

महिन्याचा शेवटून दुसरा दिवस. त्या दिवशी पाणी भलत्याच वेळी, संध्याकाळी पावणेसहाला आलं. वर्ग चालू होत होता. नेट पूर्ण होतं. मामा बोळात नळी धरून आमचे तीन निळे पिंप भरत होते. नळ बोळातच असल्यामुळं पिंपही तिथंच, एकाला एक चिकटून. पहिला भरला. दुसरा भरला. तिसरा अर्ध्यावर आला आणि आतून ही ओरडली, "मामा, गेलं!" मामांनी वहीसाठी खिशात हात घातला, आणि तसेच थांबले. एकदा बैठकीतल्या डब्याकडं पाहिलं, एकदा मागच्या खोलीकडं, एकदा मधल्या पिंपांकडं. मग अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, बंधारा आपणच घातलाय की. आवर्तन कंपनीचं नव्हं, नळाचं; पिंप भरले की नेट अडतंय."

पडताळा पाहायचा तर पिंप रिकामे करायला हवे होते. आणि ज्या माणसानं आयुष्यात पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही, तो भरलेले पिंप ओतणार कसा? मामा बादली घेऊन गल्लीत धावले. "घ्या, पाणी घ्या!" पण पाणी आत्ताच आलेलं, घरोघरी वाट्यासुद्धा भरलेल्या. चाचा दारात उभे राहिले. "मामू, अब्बीच तो सब भरे! क्या नहा-नहा के मरें?" मामांनी त्यांच्यापुढं हात जोडले. "मियाँ, पोरीचा वर्ग हाय." चाचा आत वळले, आणि त्यांनी पडदे, चादरी, खुर्च्यांची कापडं सगळं अंगणात टाकलं आणि धुवायला बसले. आम्ही दोघं म्हातारे बादल्या वाहत होतो. एक पिंप संपला, आतून आवाज आला, "दोन!" दुसरा अर्धा झाला. "तीन!" शेवटच्या बादलीला ती काही ओरडली नाही. आम्ही बोळात उभे राहून ऐकलं; ती 'सदरहू'च्या पुढं गेली होती, ओळ संपवून दुसऱ्या ओळीवर आली होती. मामा उलट्या बादलीवर बसले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मला वाटलं घाम असेल.

मग पिंप पुढच्या गॅलरीत गेले. पाणी येईल त्या दिवशी मामा नळापासून तिथपर्यंत नळी टाकत, उतार दोरी धरून पाहत आणि पिंप भरले की नळी गुंडाळून ठेवत. माझी कंबर गॅलरीतून स्वयंपाकघरात पाणी वाहण्याच्या कामाची नाही, म्हणून ते एक दिवसाआड हर्सूलहून येत आणि स्वयंपाकघरातली भांडी भरून देत. नको म्हटलं तर म्हणत, "टेल चालू ठेवायचं तर माणूस फिरता पाहिजे." वर्ग चालू राहिला. त्या दिवसांत कधीतरी त्यांना नवीच खोड लागली. आले असले की सहाच्या ठोक्याला मागच्या खोलीच्या दाराशी उभे राहत आणि कॉम्प्युटरकडं तोंड करून खणखणीत विचारत, "टेलला पोचतंय का रे समद्यांना?" सहाही जण आपापल्या गावांहून हसत ओरडत, "पोचतंय, मामा!" पडद्यावर ते कधी आले नाहीत. त्या मुलांनी त्यांना पाहिलेलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दुखणं फार नव्हतं. सकाळी अंघोळीचं पाणी काढायला उठले, तेवढंच. तेरावा होईपर्यंत हिनं वर्ग घेतला नाही, आणि मुलांना कारणही सांगितलं नाही. सांगायला बसली की चष्मा काढून ठेवी. चौदाव्या दिवशी सहाला दहा कमी असताना तिनं केस विंचरले. मी दाराशी उभा होतो. सहा वाजले. पडद्यावर सहाही चेहरे आले आणि मामांच्या हाकेची वाट पाहू लागले. ही कागदाकडं पाहत होती, पण वाचायला सुरुवात करत नव्हती.

त्यांच्यात करमाडची एक सून आहे, सासरचे जमिनीचे कागद स्वतः वाचता यावेत म्हणून शिकणारी. तिनं जरा वाट पाहिली, मग पुढं वाकून, कुणी न विचारताच म्हणाली, "पोचतंय, मामा. एकदम साफ पोचतंय."

हिनं माझ्याकडं पाहिलं. त्या सहा जणांना खरं काय ते सांगावं की नाही, असं हिच्या डोळ्यांत होतं. मग तिनं चष्मा नीट केला, कागद उचलला आणि पहिली ओळ वाचायला घेतली.