पोत्याला लागलेले पाय

आमचे हे लष्करात आहेत आणि विमानातून फिरतात, एवढं डोंबिवलीत आमच्या आळीला ठाऊक होतं. विमानात नेमकं काय करतात, ते मलाही ठाऊक नव्हतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि त्यातले बरेचसे महिने हे आसामात. तेव्हा आळीतल्या बायकांना मी बिनधास्त सांगून टाकलं होतं की हे विमान चालवतात. सांगताना दोन्ही हातांत चाक धरून डोंगराला वळसाही घालून दाखवला होता.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. हे रजेवर आले आणि संध्याकाळी ओटीवर शेजारीपाजारी जमले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय रे, विमान चालवताना भीती नाही वाटत?"

मी दाराआड सरकले.

"मी कुठला चालवतोय! मी ढकलतो."

"विमान?"

"पोती हो, आजोबा!"

मग यांनी सगळं सांगितलं. तिकडच्या डोंगरांत आपल्या चौक्या आहेत, तिथवर रस्ता नाही. खायचं-प्यायचं सगळं वरून टाकायचं. विमानाचं नाव डाकोटा. खाली मैदान म्हणजे आपल्या अंगणाहून थोडं मोठं. त्यावरून विमान जातं तेवढ्यात पोती बाहेर गेली पाहिजेत. दाराशी ती रचून ठेवायची, आपण पाठीवर निजायचं, पाय पोत्यांना लावायचे. वैमानिकाने घंटी दिली की दोन्ही पायांनी हाणायचं.

"घंटी आण गं देवघरातली," हे मला म्हणाले. "तू वैमानिक!"

म्हणजे घरात वैमानिक होता, फक्त तो कोण ते मी चुकीचं सांगितलं होतं. मी ऐटीत घंटी वाजवली. यांनी ओटीवर निजून अंथरुणाच्या वळकटीला अशी लाथ घातली की ती अंगणातल्या कोंबड्यांवर जाऊन पडली. काय तो कलकलाट! आजोबांना हसता हसता ठसका लागला.

सासूबाई सूप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पोत्यांत काय असतं रे?"

"तांदूळ, डाळ, पीठ."

"आणि त्याला लाथ मारतोस."

"अगं आई, मळणीला बैल तुडवतातच की भात."

"तू बैल आहेस?"

पुन्हा हशा झाला. सासूबाई आत गेल्या.

आमची घरची भातशेती. सासरे गेल्यावर ती सासूबाईंनी एकटीने सांभाळलेली. खळ्यावर पाय ठेवण्याआधी वाकून नमस्कार करणारी बाई ती. चुलीपुढे सांडलेला दाणा चुकून पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायच्या. त्या रात्री स्वयंपाक त्यांनीच केला, पण मुलाचं पान मांडल्यावर मला म्हणाल्या, "तू वाढ." एरवी रजेवर आलेल्या मुलाला वाढायचं म्हटलं की मला पळीला हात लावू देत नसत. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा यांनी विचारलं, "आई, तू का वाढत नाहीस?"

"यापुढे हाताने ढकलीन म्हण. वाढते."

हे खाली मान घालून जेवायला लागले.

नंतर मीच यांना म्हटलं, "म्हणून टाका की. वर कोण बघायला येतंय?"

"हाताने ढकललं तर निम्मी पोती दरीत जातात," हे म्हणाले. "खालची माणसं उपाशी राहतात. पायच लावावे लागणार. आणि आईला खोटं सांगून जायचं, ते मला जमायचं नाही."

एवढं बोलून हे दोरीवरचे कपडे काढायला गेले. मला मात्र बसवेना. यांच्या तळावरचं एक विमान ढगात शिरलं होतं, ते परत आलं नव्हतं. हे यांनी मला सांगितलं होतं, आईला नाही. आईच्या हातचं वाढून न घेताच हे त्या विमानात जाऊन बसणार होते, आणि परत आले नाहीत तर त्या बाईने जन्मभर काय करायचं?

निघायच्या आदल्या दुपारी हे कल्याणला गाडीची चौकशी करायला गेले. मी विहिरीवरून धुणं घेऊन परसात आले आणि थबकले. मागच्या दारात सासूबाईंनी तांदळाचं पोतं आणून ठेवलं होतं. आत उकिडव्या बसून त्या ते दोन्ही हातांनी ढकलत होत्या. पोतं हलेना. खांदा लावून पाहिला. मग पदराने घाम पुसून नुसत्या बसून राहिल्या.

थोड्या वेळाने त्यांनी पोत्याला हात लावून तो कपाळाला लावला, लुगडं सावरलं आणि चक्क पाठीवर निजल्या. गुडघे पोटाशी घेतले, तळपाय पोत्याला टेकवले. एरवी अशा दृश्याला मी हसून लोळले असते. तेव्हा ओला पिळा छातीशी धरून उभी राहिले.

पोतं सरकलं, बसक्या उंबऱ्यावरून कलंडलं आणि धप्पकन खाली परसात पडलं. सासूबाईंचे पाय दाराबाहेर अधांतरी राहिले. त्यांचे हात जमीन चाचपायला लागले. धरायला काहीच नव्हतं. शेवटी दाराची चौकट सापडली, ती त्यांनी गच्च धरली. मग तशाच निजून कितीतरी वेळ त्या आपल्या पायांकडे आणि पायांपलीकडच्या मोकळ्या आभाळाकडे बघत राहिल्या.

मी दिसले तेव्हा म्हणाल्या, "बघतेस काय? उचलू लाग पोतं."

रात्री यांचं पान मांडलं आणि मी पळी घ्यायला गेले, तर ती सासूबाईंच्या हातात. हे मान वर करून बघायला लागले.

"पोतं गेलं की पाय कुठे असतात रे?" त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "बाहेर."

"दार?"

"दार काढूनच ठेवलेलं असतं, आई."

"मग धरायला?"

"धरायला नाही. कमरेला पट्टा असतो, मागे अडकवलेला."

"तो कोण बांधतं?"

"आम्हीच. एकमेकांचा."

"बांधलेला ओढून बघत जा," सासूबाई म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी भात वाढला. वरण वाढलं. मग, "पुरे गं, आई," म्हणत यांनी ताटावर आडवा धरलेला हात बाजूला करून आणखी भात वाढला.