राजूरच्या पुढे, एका शिरस्त्राणासाठी

शिवाजीनगरच्या स्टँडवर संगमनेरची गाडी लागली तेव्हाच मी दमलेली होते. प्रवासाला निघताना माणसं ताजीतवानी असतात असं ऐकून आहे. मी मात्र जशी होते तशीच निघाले. पिशवीत दोन पातळं, धुण्याच्या सोड्याची पुडी, चांदीच्या रंगाची डबी, रद्दीचा एक गठ्ठा आणि सुरळी करून बांधलेल्या आईच्या छातीच्या एक्सरेच्या फिल्मा होत्या.

हे सगळं कशासाठी ते आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई देवदर्शनाला निघाल्या. मला एक शिरस्त्राण करायचं होतं. चंद्राबिंद्रावर जाणारे लोक डोक्यावर गोल भांडं घालतात ना, तसलं. अगदी तस्संच.

दोन वर्षांपूर्वी शेजारणीने आईजवळ बसायचं कबूल केलं म्हणून मी एका इंग्रजी चित्रपटाला गेले होते. त्यात एक माणूस एकटा काळ्या आकाशात तरंगत होता आणि सगळ्या थिएटरात फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. शांत, सावकाश, स्वतःची हवा स्वतःबरोबर घेऊन आल्यासारखा. माझ्या घरी पंधरा-सोळा वर्षं आईच्या दम्याची घरघर होती. ती थांबली की मी दचकून उठायची आणि सुरू झाली की जागी राहायची. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्या भांड्यात डोकं घालून बसावं असं तिथेच मनात आलं आणि ते मनातून गेलं नाही. आई माघात गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कामाला लागले.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे हे आपल्याला सहज जमेल असा माझा समज होता. पहिलं शिरस्त्राण मी पितळी घागर पालथी घालून तिच्यावर कागद चिकटवून केलं. ते इतकं सुरेख वाळलं की घागरीपासून सुटेना. शेवटी घागर भिजत घालून कागद खरवडावा लागला. दुसरं केलं ते घालताच कानापर्यंत फाटलं. त्याच्याबरोबरचं चिलखत मात्र जमलं होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून छातीची पाटी केली, कडांना सायकलची जुनी ट्यूब शिवली आणि वर चांदीचा रंग दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, गॅदरिंगसाठी का? मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. त्यांनी मला विश्रांती घ्यायचा सल्ला दिला.

आमच्या शाळेचे शिपाई अकोले तालुक्यातले. त्यांनी सांगितलं, बाई, कागदाची डोकी करायची तर आमच्याकडं जा. तिकडे चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचतात. मुखवट्याला तिथे सोंग म्हणतात. सोंगं करणाऱ्या लहानूबाबांचं नाव आणि गाव त्यांनी सांगितलं आणि मी निघाले.

नारायणगाव सोडलं आणि खिडकीतून पाहण्यासारखं काही उरलं नाही. बहात्तरचा पाऊस झालाच नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामावर बाया खडी फोडत बसल्या होत्या आणि गाडी गेली की तिची धूळ अंगावर घेत होत्या. कोणी मान वर करून बघत नव्हतं. संगमनेरला गाडी बदलली. पुढे अकोल्याच्या अलीकडे रेडिएटर तापला. ड्रायव्हरने पाणी मागितलं तसे गाडीतले सगळे तांबे पदराखाली आणि सदऱ्याखाली गेले. शेवटी मी माझा फिरकीचा तांब्या दिला. उदारपणा वगैरे काही नव्हता, मला फक्त पोचायचं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने मला पुढचा सगळा रस्ता मूर्खात काढलं आणि उतरताना स्वतःच्या चंबूतलं घोटभर पाणी दिलं.

राजूरला उतरून चालायला लागले. डोंगर जवळ आले, पण हिरवं काही दिसेना. गावात लहानूबाबांचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण पडवीत (घरापुढच्या छपरात) आढ्याला फडक्यात बांधलेली मोठाली गाठोडी लटकत होती. बोहाडा होऊन गेला होता, सोंगं आता वर्षभर झोपली होती.

लहानूबाबा उंच, हडकुळे, साठीच्या पुढचे. त्यांची बायको हौसाबाई ठेंगणी आणि बोलकी. शिपायांचं नाव सांगताच तिने मला गुळाचा खडा आणि अर्धा पेला पाणी दिलं. तो अर्धा पेला मी कसा पुरवून प्याले ते माझं मलाच ठाऊक.

मी काढून नेलेलं चित्र बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला.

"ह्याला त्वांड कुठं हाय?"

तोंडाच्या जागी काच असते, आतल्या माणसाचं तोंड तिच्यातून दिसतं, असं मी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही. सोंग देवाचं असतं नाहीतर राक्षसाचं, माणसाचं असलं तर त्याला मिशा तरी काढतात. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, त्याशिवाय सोंग घराबाहेर काढत नाहीत. बिनतोंडाचं सोंग त्यांनी केलं नव्हतं आणि त्यांच्या वडिलांनीही केलं नव्हतं. तरी पाहुणी लांबून आली म्हणून त्यांनी हो म्हटलं आणि माप घ्यायला सुतळी काढली. सोंग ज्याचं त्याच्याच डोक्याचं माप घ्यायची त्यांची रीत आहे.

"डोकं कुनाचं?"

"माझं," मी म्हटलं.

त्यांनी सुतळी पुन्हा खुंटीला अडकवली. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाईच्या डोक्यावर सोंग चढत न्हाई, बाई. माप बी आमी घेत न्हाई." मग बिडी पेटवून अंगणात जाऊन बसले.

मी वाद घातला नाही. वाद घालायला अंगात त्राण लागतं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पडवीच्या खांबाला टेकून बसले आणि मला रडू आलं. एवढ्या मोठ्या बाईने कागदाच्या भांड्यासाठी परक्याच्या पडवीत रडावं याची लाजही वाटली, पण रडू थांबलं नाही.

हौसाबाईने ते पाहिलं. तिने मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. ती भाकरी वळायला नको म्हणते आणि गिळायला नको म्हणते, पण त्या वर्षी तीच होती. मी जेवत असताना तिने विचारलं, हे डोक्यात घालून बाई करणार काय? मी तिला चित्रपटातला श्वास सांगितला आणि आईची घरघर सांगितली. बोलताना कळलं, की या घरातल्या प्रत्येक सोंगाची खळ हिनेच शिजवली आहे. चिंचोके भिजवायचे, कुटायचे, मेथी घालून रटरट शिजवायचे, कागद मळायचा, हे सगळं बायकांचं काम. सोंग घालून मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहावंसं वाटलं का, असं मी विचारलं. "इचारतंय कोन," ती म्हणाली.

मग ती उठून अंगणात गेली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"त्वांड न्हाई तर सोंग न्हाई, असं तुमीच म्हनता न्हवं? मंग ह्ये सोंग कुठलं? ही टोपली झाली. टोपली तर बायांच्याच डोक्यावर असती."

लहानूबाबांनी बिडीचे बरेच झुरके घेतले. त्यांच्याच कायद्याने त्यांना बांधलं होतं. टोपली पाहिजे तर बुरुडाकडं जावा, असं काहीतरी पुटपुटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते, तेव्हा अंगणात मातीचा ढीग पडलेला होता. माझी गाडी माझ्यावाचून गेली.

माती भिजवायला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न होता. विहीर आटलेली. नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरून बाया आणत होत्या. मी हौसाबाईबरोबर गेले आणि डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा घेऊन चढ चढले. निम्मं पाणी माझ्या पातळानेच प्यालं. माझ्या हौसेपायी लोकांच्या तोंडचं पाणी मातीत घालायचं मला जड वाटत होतं, तसं मी बोललेही. हौसाबाईने भांडी विसळलेलं पाणी बाजूला काढलं आणि त्यात माती मळली. म्हणाली, टोपलीला एवढं चालतं.

लहानूबाबांनी मातीचं गोल डोकं घडवलं, पण माप हौसाबाईनेच घेतलं. सोंग बांधताना गडी डोक्याला फडकं गुंडाळतात, हे तिने जन्मभर पाहिलेलं. तिने माझ्या अंबाड्यावर पदराचे दोन वेढे दिले आणि त्यावरून सुतळी फिरवली. मला वाटलं, अशीच रीत असेल. मातीवर तेलाचा हात फिरवला आणि मी कागद लावायला बसले. बाबा माझ्याकडे पाठ करून बसत आणि मधूनच वळून माझे कागद उचकटून टाकत. माझ्या पट्ट्या फार मोठ्या होत्या, एकावर एक सरळ बसत होत्या. पहिला थर उभा तर दुसरा आडवा, आणि अधूनमधून जुन्या धोतराचं फडकं. थर लावायचा आणि उन्हात वाळू द्यायचा. वैशाखातलं ऊन दुसऱ्या कशाला नाही तरी याला उपयोगी पडलं.

थर वाळेपर्यंत मी पिशवीतून एक्सरेच्या फिल्मा बाहेर काढल्या. सोड्याच्या गरम पाण्यात फिल्म चोळली की काळं निघून जातं आणि खाली फिकट निळी पारदर्शक पट्टी राहते, हे मला माहीत होतं. काचेच्या जागी तीच लावायची होती. हौसाबाईने एक फिल्म उचलून उन्हात धरली. आईच्या बरगड्या स्वच्छ दिसल्या.

"ह्या कुनाच्या?"

"आईच्या."

तिने फिल्म खाली ठेवली. "आन् धुवायच्या?"

मी पुण्याहून निघताना या गोष्टीचा विचार केला नव्हता असं नाही. घरात त्या कपाटावर पडून होत्या. ठेवाव्याशा वाटत नव्हत्या आणि टाकवत नव्हत्या. मी म्हटलं, "धुवायच्या. फार दमले हो मी ह्या बघून." हौसाबाईने गरम पाण्याची परात पुढे ओढली आणि फिल्मची एक बाजू धरली. आम्ही दोघींनी ती धुतली. बरगड्या एकेक करून पाण्यात गेल्या. एका कोपऱ्यात थोडं काळं राहिलं, ते मी चोळलं नाही.

वाळल्यावर बाबांनी आतली माती कोरून काढली आणि टरफलासारखं हलकं डोकं माझ्या हातात आलं. मी चाकूने तोंडाची जागा कापली, फिल्म शिवली, चांदीचा रंग दिला आणि डोक्यात घातलं. ते थेट खांद्यांवर येऊन बसलं. मान वळवली तर मान वळली, शिरस्त्राण तिथेच राहिलं. पदराच्या दोन वेढ्यांचं माप ते. बाबा पहिल्यांदाच हसले, आणि बरेच हसले.

हौसाबाईने आपली चुंबळ आणली, वापरून मऊ झालेली, आणि आतून टाक्याने पक्की शिवली. टोपलीखाली चुंबळ पाहिजेच, म्हणाली. बसतंय का ते बघायला तिने ते माझ्या हातून घेतलं, क्षणभर अंगणाकडे पाहिलं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवलं.

ती जात्याशेजारी खाली बसली आणि तशीच बसून राहिली. निळ्या पट्टीमागे तिचे डोळे मिटलेले दिसत होते. लहानूबाबा अंगणातून आत आले आणि उंबऱ्यात थांबले. मला भीती वाटली.

"आत कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"मीच हाय," आतून आवाज आला. "जरा बसू द्या."

ते मागे फिरले आणि पुन्हा अंगणात जाऊन बसले. तिने ते उतरवलं तेव्हा केस घामाने चिकटले होते. तिने पदराने आतला घाम पुसला आणि ते मला दिलं. मी निघताना तिने त्यावर हळदीकुंकू वाहिलं. टोपलीवर कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, असू द्या.

परतीच्या गाडीत मी ते मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने काय आहे म्हणून विचारलं. टोपली, मी म्हटलं. त्याने ते चंदेरी भांडं वरखाली पाहिलं आणि पुढे गेला. रस्त्यावर त्याच बाया त्याच जागी खडी फोडत होत्या. मी ज्या दमलेल्या अंगाने गेले होते त्याच अंगाने परत येत होते. प्रवासाने माणूस बदलतो वगैरे मला सांगता येणार नाही.

घरी आले, पाय धुतले. छातीला पत्र्याची पाटी बांधली, आईच्या कॉटवर बसले आणि शिरस्त्राण घातलं. सगळं निळं झालं. एका कोपऱ्यात ती काळी खूण होती. मी वाट पाहिली. मग श्वास ऐकू आला, संथ, कुठेही न अडणारा. सोळा वर्षं मी ज्या आवाजाकडे कान लावून होते तो नव्हताच, आणि त्याच्याखाली एवढी वर्षं माझाही एक श्वास चालू होता हे मला माहीत नव्हतं. मी खूप वेळ ऐकत राहिले. आत चुंबळीला अजून हौसाबाईच्या केसांतल्या खुरासणीच्या तेलाचा वास येत होता.