उपदाढांखालचा काळा ठिपका

माझ्या सगळ्यात जुन्या मित्राचे चार चांगले दात मी उपटले. ते किडलेले नव्हते, हलत नव्हते, दुखतही नव्हते. एक्स-रेच्या पट्टीवर दिसलं ते मी चुकीचं वाचलं आणि त्याच्या भरवशावर चिमटा हातात घेतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जुन्या दिवसांबद्दल बरंच गोड लिहिलं जाणार आहे आणि त्याच्या आड लपायची मला सवय आहे.

आम्ही दोघं अकोल्याचे. माझे वडील वकील होते. त्याच्या घरचा मोर्णा नदीच्या काठाला फुलांचा आणि भाजीचा मळा होता. आमच्या देवघरात रोज सकाळी त्याच्या आईच्या टोपलीतली फुलं यायची. आई ती पाणी शिंपडून घ्यायची आणि मी दुपारी त्याच मळ्यात त्याच्या ताटलीत भाकर खायचो. आईला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. तिनं कधी विचारलं नाही.

त्याचे दात म्हणजे आमच्या शाळेतली एक बघण्यासारखी गोष्ट होती. ऊस तो बाजूच्या दातांनी एका ओढीत सोलायचा. भाजीच्या जुड्या बांधताना सुतळी दातांनीच तोडायचा. हार करताना केळीच्या सोपाच्या धाग्याचं एक टोक बाजूच्या दातांत धरायचा आणि दोन्ही हातांनी शेवंती अशी भराभर गुंफत जायचा, की धागा कुठं संपला ते कळायचं नाही. तोंडात धागा असल्यामुळे त्या वेळी तो बोलायचा नाही. त्याच्या गप्प राहण्याची तेवढी एकच वेळ. हुरड्याच्या दिवसांत आम्ही आगटीभोवती बसायचो. माझा तोबरा चावून होईस्तोवर त्याचे तीन व्हायचे, आणि वर म्हणायचा, "वकिलाच्या पोरा, तुह्ये दात का भाड्यानं आनले बे?"

भाड्याचे दात बसवणं हाच पुढे माझा धंदा झाला. मुंबईत दातांचं शिकून आलो आणि अमरावतीत अंबादेवीच्या वाटेवर दोन खोल्या घेऊन दवाखाना उघडला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि मोठं काम निघालं की माणूस नागपूरकडे बघायचा. तिथल्याच एका डॉक्टरांनी धंदा बंद केला, तेव्हा त्यांचं जुनं एक्स-रेचं यंत्र मी विकत घेतलं. ते बैलगाडीतून दवाखान्याच्या दाराशी उतरलं, तेव्हा सगळी गल्ली जमली होती. काही दिवसांतच मी 'फोटो काढणारा दातांचा डॉक्टर' झालो. अचलपूरहून एक म्हातारे गृहस्थ नातवाला जरीची टोपी घालून घेऊन आले. दोघांचा एकत्र फोटो काढा म्हणाले. पट्टी तोंडात घालायची असते हे कळल्यावर ते इतके रागावले, की पाणीसुद्धा न पिता परत गेले.

पट्ट्या धुवायला मी मोरीत अंधार करायचो. कंदिलाला लाल कागद लावलेला असे. त्या लाल उजेडात पट्टीवर हळूहळू जबडा उमटायचा: आधी दातांची पांढरी टोकं, मग मुळं, मग हाडाची जाळी. आजही त्या औषधाच्या पाण्याचा आंबूस वास आठवला की मला तरुण असल्यासारखं वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

दुसरी मोठी लढाई सुरू असताना एका हिवाळ्यात मित्र अकोल्याहून आला. त्याचा गुडघा धरला होता. वाफ्यात उकिडवं बसता येत नव्हतं, आणि माळ्याला बसता आलं नाही तर त्यानं करायचं काय? तिकडच्या डॉक्टरांनी त्याला दात दाखवायला सांगितलं होतं. त्या काळी डॉक्टर लोकांत एक समजूत जोरात होती, की दातांतला पू रक्तातून सांध्यात उतरतो, म्हणून सांधा दुखत असला तर दातांच्या मुळाशी पू शोधावा. मीही तेच शिकलो होतो.

"काय बे डाक्टर," दारातूनच तो म्हणाला, "माहा फोटो काढतं म्हने तू?"

"आधी बस. तोंड उघड."

"माह्या लग्नात कोनं नाई काढला, अन् आता दाताचा काढून राह्यला."

खालच्या दातांची पट्टी जिभेच्या बाजूनं ठेवतात आणि रोग्यानंच ती बोटानं दाबून धरायची असते. त्याचं बोट झेंडूनं पिवळं झालेलं होतं. डोळे वटारून, बोट तोंडात घालून तो बसला होता, आणि मला हसू आवरत नव्हतं.

मोरीत पट्टी धुतली. डाव्या बाजूला, सुळ्याच्या मागच्या दोन उपदाढांच्या मुळांशी, एक काळा गोल ठिपका दिसला. हाड पोखरून पू झाला की असाच ठिपका दिसतो. उजवी पट्टी धुतली, तिथंही तसाच, त्याच जागी. दोन्ही बाजूंना एकाच जागी एकसारखा ठिपका आहे, एवढ्यावरच मी थांबायला हवं होतं. उलट मला आनंद झाला. मित्राच्या दुखण्याचं मूळ मला सापडलं होतं. दातांना गार पाणी लावून ते जिवंत आहेत की मेलेले हेही मी पाहिलं नाही. शिकवलेलं होतं, पण पट्टी हातात असताना पाण्याची काय गरज, असं वाटलं.

"पक्कं ना बे?" त्यानं विचारलं.

"हे बघ, दिसतंय."

त्यानं पट्टी खिडकीशी धरली, उलटी. मग परत दिली. "मले काय, ढग दिसून राह्यले. तुले दिसलं म्हंजे असंल. काढ."

दोन्ही बाजूंचे दोन-दोन मी काढले. इतके घट्ट दात मी त्याआधी काढले नव्हते. ताटलीत पडले तेव्हा त्यांची मुळं पाहिली. स्वच्छ होती. पिवळसर पांढरी, गुळगुळीत, पुवाचा थेंब नाही. त्यानंही पाहिली. तोंडात कापूस असल्यानं त्यानं फक्त भुवई उचलली.

"पू हाडात असतो," मी म्हणालो. "दातावर दिसत नाही."

ही चूक नव्हती. ही थाप होती, आणि ती मारताना मला ती थाप आहे हे अर्धंमुर्धं कळत होतं.

गुडघा तसाच राहिला. उन्हाळ्यात जरा बरा, थंडीत पुन्हा तोच. तो मात्र अमरावतीला आला की माझ्याकडे आल्याशिवाय राहायचा नाही. पेरू आणायचा. आधी तो पेरू हातात घेऊन कचकन तोडायचा, आता विळ्यानं फोडी करून पुढच्या दातांनी ससा खातो तसा खायचा. हाराचा धागा दातांत धरता येईना म्हणून पायाच्या अंगठ्याला बांधायला लागला, आणि त्यासाठी तोच दुखरा गुडघा मुडपायला लागायचा. हे मी मळ्यात बसून बघितलं आहे. त्याची बायको एकदा हसत म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मित्राले आता बोलाले लय फुरसद झाली. तोंडात धागाच नसते." मीही हसलो.

लढाई संपली, एक्स-रेच्या फिल्मा पुन्हा सहज मिळू लागल्या आणि मी एक काम हाती घेतलं. कवळी बसवलेल्या म्हाताऱ्या माणसांची एकच तक्रार असायची: खालची कवळी टोचते, ओठात झिणझिण्या येतात. दात गेले की खालच्या जबड्याचं हाड वरून झिजत जातं, हे पुस्तकात होतं. मला ते आमच्या माणसांत पाहायचं होतं. म्हणून दात नसलेल्यांच्या पट्ट्या काढायला लागलो. भरपूर दात असलेल्यांच्याही, तुलनेसाठी. खिडकीच्या काचेला त्या ओळीनं चिकटवायचो. दुपारच्या उजेडात जबडेच जबडे.

एका वृद्ध वकिलीणबाईंच्या तोंडात कित्येक वर्षांत एकही दात नव्हता. त्यांची पट्टी काचेला लावली आणि पाहतो तर हाडाच्या काठाला तोच काळा गोल ठिपका. दातच नाही, तर मुळाशी पू कसला? मग शेजारची पट्टी पाहिली, तिच्या शेजारची पाहिली. दात असलेल्यांत उपदाढांच्या मुळांशी, नसलेल्यांत झिजलेल्या काठाजवळ. कुठं ठळक, कुठं पुसट, पण ठिपका होताच.

ते छिद्र होतं. खालच्या ओठाकडे जाणारी नस हाडातून बाहेर पडते त्याची वाट. देवानं प्रत्येक जबड्यात दोन्ही बाजूंना ठेवलेली. परीक्षेत मी त्याचं चित्र काढून गुण मिळवले होते. पण ते कोरड्या हाडात बघितलेलं, पट्टीवर सावली होऊन येतं तेव्हा मी ते ओळखलं नाही. खात्री करायला एका तरुण रोग्याची पट्टी दोनदा काढली, दुसऱ्यांदा यंत्राची नळी जरा पुढून धरून. ठिपका मुळावरून बाजूला सरकला. पू असता तर मुळाला धरून राहिला असता.

म्हाताऱ्यांच्या तक्रारीचं कारणही तिथंच सापडलं. हाड झिजत आलं की छिद्र काठावर येतं आणि कवळी सरळ नसेवर बसते. तेवढी जागा कवळीत पोकळ ठेवायला लागलो, तर लोक चार घास सुखानं खाऊ लागले. माझं नाव झालं. लोक आभार मानायचे तेव्हा मी खिडकीकडे बघायचो. हे शिकायला मला कुणाचे दात लागले, ते मला माहीत होतं. तरी मी अकोल्याला गेलो नाही. कामाचं निमित्त होतं, मग पावसाचं, मग लग्नसराईचं. अशी दोन वर्षं गेली.

मग तोच आला. काठी टेकत. खुर्चीत बसला आणि टोपी मांडीवर ठेवली.

"सगळेच काढून टाक बे," तो म्हणाला. "गुडघा काई आयकत नाई. चार काढले तवा जराक बरं वाटल्तं. राह्यलेल्या दातात पू असंल. मले कवळी करून दे, लोक म्हंतात तुह्या कवळीनं फुटाने खाता येतात."

त्याच्या तोंडात सगळे बाकीचे दात होते, चुन्यासारखे पांढरे. मी म्हणालो, सुन्न करायचं औषध संपलंय, नागपूरहून यायचंय. तो उठला. "आलं का निरोप धाड," म्हणाला, आणि पेरूची पिशवी टेबलावर ठेवून गेला.

त्या रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला उतरलो. त्याच्या पट्ट्या आणि आणखी काही पट्ट्या पाकिटात घेतल्या होत्या. तो मळ्यात खाटेवर बसून बियाणं निवडत होता. बायको वांगी तोडत होती.

"औषीद आलं का?"

"नाई. तुह्ये दात काढाचे नाई. एकबी नाई."

मी पट्ट्या काढल्या, उन्हात धरल्या आणि बोलत सुटलो. नस, छिद्र, नळीचा कोन, म्हाताऱ्यांचे जबडे. त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं.

"हे मले कायले सांगून राह्यला?" शेवटी त्यानं विचारलं. "येवढंच सांग. माह्ये ते चार दात खराब होते का?"

"नाई."

"चांगले होते?"

"चांगले होते."

त्याची बायको वांगी तोडायची थांबली. तो हातातलं बियाणं बोटानं इकडेतिकडे करत राहिला.

"तुले कवा समजलं?"

इथं पुन्हा एकदा थाप मारता आली असती. परवाच समजलं, असं म्हणता आलं असतं.

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो.

"दोन वर्षं. अन् मी येऊन राह्यलो, पेरू देऊन राह्यलो."

"हो."

"वकिलाचं पोट्टं," तो बायकोकडे पाहून म्हणाला. आवाजात राग होता की नाही, मला कळलं नाही. मग माझ्याकडे वळला. "मंग? आता काय म्हंतं?"

पट्ट्या मी पाकिटात ठेवल्या. त्यांच्याकडे बघत बोलणं सोपं गेलं असतं.

"तुह्ये चांगले दात म्या काढले," मी म्हणालो. "मुळं साफ दिसली तरी तुले थाप मारली. अन् समजल्यावरबी चूप राह्यलो, ते त्याच्याऊन वाईट केलं. माहं चुकलं. मले माफ कर."