हुकावरचा पाव

सावेता बुक्शा बावीस वर्षं एकाच इमारतीचे जिने पुसते आहे. चार मजले, सोळा घरं. कोणत्या घरात कोणता पाव येतो हे तिला पिशवीवरून कळतं, कारण उरलेला पाव रोमानियात कोणी कचऱ्यात टाकत नाही. ते पाप. पिशवी कचऱ्याच्या डब्यांमागच्या भिंतीवर हुकाला लावायची. कोणी भुकेला आला तर नेईल.

यायची ती अस्वलाची मादी. कार्पेथियनचं जंगल इमारतीच्या पाठीलाच आहे. पूर्वी ती मध्यरात्रीनंतर यायची, दार वाजलं की पळायची. मग कडीचे पोलादी डबे आले. दोन आठवडे तिने कड्या ओढून पाहिल्या आणि नाद सोडला. आता ती सकाळी, कचऱ्याची गाडी गेली की यायला लागली. कडेला थांबून मोटारी जाऊ द्यायची, कुत्र्यांना भुंकू द्यायची आणि डब्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट हुकाशी जायची. तिच्या दोन पिल्लांनी तर कडीला कधी पंजाही लावला नाही.

मार्चमध्ये वनरक्षक बजावून गेला, "आणखी एक तक्रार आली की गोळी घालावी लागेल. पिल्लं पिंजऱ्यात जातील."

त्या दिवसापासून सावेता गाडी यायच्या आधी पिशव्या काढायची आणि ज्याची त्याच्या दाराच्या मुठीला अडकवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका ग्लिकेरियाबाई भडकल्या.

"सावेता, माझ्या दाराला कचरा लावतेस?"

"कचरा कुठला, बाई? पाव आहे. तुमचाच."

"मग काय डब्यात फेकू? देव बघतो वरून."

"खाऊन टाका की. खाल्ल्याचं पाप लागत नाही."

"तू जिने पूस. आम्हाला धर्म शिकवू नकोस."

"बरं. पण हुकाशी गरीब म्हणून कोण येतं, ते खिडकीतून एकदा बघा."

तळमजल्यावरचे पेत्राकेकाका खालून ओरडले, "बघतो की! फोटोसुद्धा काढतो!"

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सावेता गावी बहिणीकडे गेली. हुकांना अकरा पिशव्या लागल्या, सगळ्या अक्रोडाच्या गोड पावाच्या. साडेनऊला ग्लिकेरियाबाई बारावी लावायला खाली आल्या, तर समोर मादी. किंकाळी, मग फोन. दुपारपर्यंत मादी मेली होती आणि पिल्लं पिंजऱ्यात होती.

सावेता बसमधून उतरली तेव्हा पेत्राकेकाकांनी फोटो दाखवत सगळं सांगितलं. ग्लिकेरियाबाई बाकावर बसून डोळे पुसत होत्या.

"बिचारी. लेकुरवाळी होती गं."

"तक्रार कुणी केली, बाई?"

"अगं, जिवावर बेतलं होतं माझ्या!"

"हातात पिशवी होती ना? रोज पान वाढून बोलावलंत, आणि जेवायला बसली तशी गोळी."

सावेताने तळघरातून पाना आणला आणि एकेक हुक भिंतीतून काढला.

"ते सोसायटीचे आहेत हं," पेत्राकेकाका म्हणाले.

"मग सोसायटीने हात घालून काढावेत." तिने ते डब्यात टाकले आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यांशेजारी जमिनीवर तीन पिशव्या होत्या. तोंडाला नीट गाठ मारलेल्या, पाव खराब होऊ नये म्हणून.