रुतलेला करगोटा

आमच्या किन्हवलीकडे पोर बाळसं धरतंय की नाही, हे करगोट्यावरून ओळखतात. कमरेचा काळा दोरा रुतायला लागला की पोर भरलं. मग सासूबाई गाठ सोडायच्या, वाढायला दोन बोटं जागा ठेवून पुन्हा बांधायच्या आणि आळीभर सांगत सुटायच्या.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत चिकट कफ साठतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, प्रत्येक खाण्याआधी पचनाची कॅप्सूल. अंग धरलं तर छाती टिकेल, असं डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. तेव्हापासून घरात तूप आणि अंडी सोडून दुसरा विषय नाही. पी हळद अन् हो गोरी असं होत नसतं, हे मला कळतं. पण दिवाळीनंतर करगोटा रुतला, तेव्हा मी शेजारी गूळ वाटला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

त्याच आठवड्यात शहरातल्या इस्पितळात तपासणी होती. काट्यावर वजन थोडं वाढलेलंच निघालं. मी अशी ताठ बसले, जणू माझाच पहिला नंबर आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे वजन कशाचं आहे ते बघू." त्याला झोपवून हातापायांना अंगातलं मांस मोजणाऱ्या यंत्राच्या चिकटपट्ट्या आणि वायरी लावायच्या होत्या. अंगावर धातू चालत नाही, आणि करगोट्यात चांदीचा ताईत. गाठ सुटेना, म्हणून नर्सनं दोरा कापला. पोटावर त्याचा लाल वळ उमटला होता.

मांस घटलं होतं. पोट फुगलं होतं ते न पचलेल्या अन्नानं आणि वातानं. "मांसच राहिलं नाही, तर कफ खोकून काढायला जोर कुठून आणणार?" डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, त्या यंत्राचाही आला.

"आये, मी भरलो ना?" मुलानं विचारलं. मी हो म्हटलं.

घरी सासूबाई, जुना पुरेना म्हणून, नवा लांब दोरा घेऊन ओटीवर बसल्या होत्या. यंत्राचं ऐकून उखडल्याच. "मशीनला काय समजतं? करगोटा रुतला व्हता ना!"

मी पिशवीतून कापलेला दोरा काढला आणि मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायला लागले. कमरेला अपुरा पडलेला दोरा दंडावर संपता संपेना. मुलाला गंमत वाटत होती.

सासूबाईंनी माझा हात धरला. "पुरे गो. रोज तेल लावते मी त्याला. हाताला समजत नाय का?"

"मग भरला, भरला म्हणून का सांगत होतात?"

त्या नव्या दोऱ्याला पीळ द्यायला लागल्या.

"पोर भरला म्हटलं का त्या दिशी तू जेवतेस, म्हनून."