पाच इंजिनांचा रणगाडा

अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत असताना मी एका निवृत्त मराठी इंजिनिअर काकांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचे. २००३ चा मार्च होता. वर टीव्हीवर दिवसभर इराकच्या बातम्या चालायच्या. काका आवाज इतका मोठा ठेवायचे, की काकू वैतागून स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या.

गावाबाहेर एका अमेरिकन शेतकऱ्याच्या शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याचं इंजिन होतं. तो आणि काका मिळून ते दुरुस्त करत होते. युद्धाच्या घाईत मोठं इंजिन मिळेना, म्हणून मोटारीची पाच इंजिनं गोलाकार जोडून मधला एकच गिअर फिरवायला लावली होती.

"एखादं बंद पडलं तर?" मी विचारलं.

"बाकीची त्याला ओढत नेतात," काका म्हणाले. "थांबूच देत नाहीत."

एका शनिवारी ते चालू करायचं ठरलं. माझा विषय इंजिनांची कंपनं, म्हणून काका मलाही घेऊन गेले. एकेक इंजिन सुरू होत गेलं तशी जमीन थरथरायला लागली, पत्र्यावरचा बर्फ घसरून धप्पकन पडला. शेतकऱ्यानं आवाज अडवणारे मफ कानांवर चढवले होते. काका मात्र तसेच, इंजिनावर वाकून हसत होते.

मग ठोका ऐकू आला. खालच्या इंजिनातून, कोरडा, प्रत्येक फेरीला.

"काका, बंद करा!"

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी हातभर अंतरावर जाऊन किंचाळले. तरी नाही. तेव्हा मला कळलं. यांना ऐकूच येत नाहीये.

मी त्यांचं जाकीट धरून त्यांना मागे खेचलं. ते पाहून शेतकरी स्विचकडे धावला. तो पोहोचण्याआधीच पिस्टनचा कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला आणि लोखंडाचा एक तुकडा भिंतीचा पत्रा फाडून गेला. उरलेली चार इंजिनं फुटलेल्या पाचव्याला करकरत फिरवतच होती.

"काय झालं?" सगळं थांबल्यावर काकांनी विचारलं.

परतताना गाडी तेच चालवत होते. "काकूला बोलू नकोस," एवढंच म्हणाले. मागून ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत आली. सगळ्या गाड्या बाजूला झाल्या. आमची सरळ चालली होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे त्यांनी आरशात पाहिलं.

घरी पोहोचल्याबरोबर मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी उठून गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

पुढच्याच आठवड्यात इराकमध्ये युद्ध सुरू झालं. काका तिथला उन्हाळा लागेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.